नाक मुरडण्याआधी

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. आणि आज थोडी भांडायलाच बसले आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

झालं असं, की गेल्या जुलैत मुलाकडे सिंगापूरला होते. तिथे आयुष्यात पहिल्यांदा ड्युरियन खाल्ला आणि त्याचा फोटो हौसेने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सतरा उत्तरं! त्यातली अकरा म्हणजे नुसती तोंडं वाकडी केलेली चित्रं. धाकट्या नणंदेने लिहिलं, "शी वहिनी! तुम्हीसुद्धा?" आणि एका भाच्याने लिहिलं, "मामी, ते लोक काय वाट्टेल ते खातात, तुम्ही कशाला?" फळाला नावं ठेवली असती तर मी सोडून दिलं असतं. ते "ते लोक" मात्र मनात रुतून बसलं.

आधी कबूल करते. वास येतो. येतोच! गेलांग नावाच्या भागात रस्त्याकडेला ड्युरियनची दुकानं आहेत. टॅक्सीतून उतरलो आणि मला वाटलं, जवळपास गटार फुटलंय. सडका कांदा, गॅसची शेगडी आणि कुठेतरी खूप आत पिकल्या फळाचा गोडवा, असं सगळं एकदम. मी पदर नाकाला लावला. सूनबाई म्हणाली, "आई, नको असेल तर परत जाऊ या." पण म्हटलं, इतकी वर्षं मुलांना 'अनुभव घ्या' म्हणून शिकवलं, आता मागे कसं फिरायचं?

दुकानदार सत्तरीच्या आसपासचा, म्हणजे माझ्याच वयाचा. हातात जाड मोजा. सुरीने शिवणीवर एक घाव घालून त्याने काटेरी फळ उकललं (मलय भाषेत 'दुरी' म्हणजे काटा, त्यावरून हे नाव). माझा पदर नाकाशी आहे हे त्याने पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. स्टूल पुढे सरकवलं, प्लास्टिकचे हातमोजे दिले आणि हातानेच खुणावलं, बसा, खा.

खाल्ला. बरक्या फणसाच्या गऱ्यासारखा मऊ, पण त्याहून दाट. आटवलेल्या बासुंदीत कुणीतरी चुकून लसणाची पाकळी टाकावी आणि शेवटी जिभेवर किंचित कडवट चव राहावी, तसा. पहिला घास जेमतेम गिळला. दुसरा कुतूहलाने. तिसऱ्या घासाला वासाचं भान उरलं नाही. चौथा मी मागून घेतला!

यात माझं काही विशेष नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचंही असंच झालं होतं. मलाक्कात घरात आणलेल्या ड्युरियनच्या वासाने तो आधी दूर पळाला. पुढे बोर्निओत झाडाखाली पडलेलं पिकं फळ त्याने उघड्यावर बसून खाल्लं आणि कायमचा भक्त झाला. १८६९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात या फळाची तोंडभर स्तुती आहे.

आणि गंमत ऐका. दिसायला फणसाचा जुळा भाऊ, पण नात्याने ड्युरियन फणसाचा कुणीच नाही. फणस वड-अंजिराच्या कुळातला, तर ड्युरियन भेंडी आणि कापसाच्या भावकीतला. आपल्या रोजच्या भेंडीचाच लांबचा नातलग आहे तो.

आता भांडणाकडे येते. ड्युरियनच्या वासात जी गंधकयुक्त द्रव्यं असतात, तशाच जातीची द्रव्यं आपल्या हिंगात असतात. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये हिंगाला चक्क 'सैतानाची विष्ठा' अशा अर्थाचं नाव आहे! आणि आपण? डबी उघडली की "आहाहा, काय खमंग!" बरका फणस फोडला की चार घरांपलीकडे वर्दी जाते, तेव्हा आपण म्हणतो "घमघमाट सुटलाय". म्हणजे आपला तो घमघमाट आणि दुसऱ्याची ती दुर्गंधी. नाक जन्मतः सगळ्यांचं सारखंच असतं हो, त्याला सवयी लागतात त्या घरच्या.

आणि हे आपल्यावरही उलटतं. त्याच सिंगापुरातली गोष्ट. तिथे एका भारतीय कुटुंबाच्या रश्श्याच्या वासाचा चीनमधून आलेल्या शेजाऱ्यांना त्रास होई. मध्यस्थीत ठरलं, की शेजारी घरी नसतील तेव्हाच भारतीयांनी रस्सा करायचा. शेजाऱ्यांनीही तो एकदा चाखून बघायचं मान्य केलं. ही जुनी तडजोड २०११ साली वर्तमानपत्रात आली आणि लोक खवळले. २१ ऑगस्टला हजारो जणांनी ठरवून घरोघरी रस्सा शिजवला. त्यांत भारतीय होते तसे चिनी आणि मलयही होते. "ते लोक" म्हणतो आपण ज्यांना, ते आपल्या मसाल्याच्या बाजूने उभे राहिले. भाचेबुवा, वाचताय ना?

कुणी म्हणेल, म्हणजे वासाचा त्रास कुणाला होऊच नये का? होतो. सिंगापूरच्या एमआरटी गाडीत ड्युरियन न्यायला बंदी आहे आणि ती मला पटते. बंद डब्यात शंभर माणसं कोंडलेली असताना ते योग्यच आहे. २०१८ साली मेलबर्नच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शेकडो माणसांना बाहेर काढावं लागलं. गॅसगळती वाटली, निघाला कपाटात सडलेला ड्युरियन! पण गाडीतली ती बंदी फळावर आहे. तोच माणूस रिकाम्या हाताने आला की त्याच डब्यात त्याला जागा असते. आपल्याकडे मात्र घर भाड्याने देताना आधी विचारतात, "मासे-मटण करत नाही ना?" आणि वासाच्या नावाखाली माणसालाच दाराबाहेर ठेवतात.

हे मी कुणाला शिकवत नाही. कारण हे मीच केलेलं आहे.

१९७८ साल. खाडीकाठच्या एका शाळेत मी नवीन होते. माहेरी, सासरी कुठेच मासळी नाही. आठवीच्या वर्गात एक कोळ्याचा मुलगा मधल्या सुट्टीत डबा उघडायचा. भाकरी आणि सुकट. एके दिवशी मी म्हटलं, "अरे, तू जरा व्हरांड्यात बस बघू. बाकीच्यांना जेववत नाही." बाकीची मुलं मजेत जेवत होती. जेववत नव्हतं ते मला. तो निमूट उठला. दुसऱ्या दिवशी न सांगताच व्हरांड्यात गेला. पुढे डबाच आणेना. विचारलं तर म्हणाला, "भूक नाय लागत, बाई." तेरा वर्षांच्या पोराला मधल्या सुट्टीत भूक लागत नाही, हे मी खरं मानून घेतलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. वर्षभर तो त्या सुट्टीत नळावर पाणी पिताना दिसायचा.

मी त्याला छडी मारली नव्हती, रागे भरले नव्हते. म्हणून इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, की आपण काही वाईट केलं नाही. गेलांगच्या त्या म्हाताऱ्याने स्टूल पुढे सरकवलं तेव्हा मात्र तो व्हरांडा आठवला. नाकाला पदर लावून आलेल्या परक्या बाईला त्याने बसायला जागा दिली. मी माझ्याच वर्गातल्या मुलाची जागा काढून घेतली होती. तो मुलगा आता साठीचा असेल. कुठे आहे, माहीत नाही.

तेव्हा नणंदबाई, ड्युरियन नाही आवडला तर खाऊ नका. न आवडण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण "शी" म्हणायच्या आधी समोर कोण बसलंय ते बघा. आपली "शी" फळाला ऐकू जात नाही, खाणाऱ्याला जाते.

असो. बरंच बोलले. पुढच्या जुलैत पुन्हा सिंगापूरला जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, स्टूल मी सरकवेन.