कोळसा आणि त्याचें बंधक

गढूळ पाणी निवळण्यासाठीं भांड्याच्या आंतल्या अंगास निवळीची बी घासण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंतही या बीचा उल्लेख आढळतो. तिनें गाळ बसतो, परंतु पाण्यांत विरघळलेला वास जात नाहीं. तें काम कोळशाचें. घरोघरीं भिंतीवर दिसणाऱ्या जलशोधकांत बहुधा कोळसा असतोच. म्हणून त्याचें मर्म वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेंत ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग, छिद्रांच्या भिंती धरून, सुमारें १००० चौरस मीटर भरतो. दुर्गंधी द्रव्यें या पृष्ठभागास चिकटून राहतात. यास अधिशोषण म्हणतात. १९१५ सालीं रशियन रसायनज्ञ झेलिन्स्की यांनीं विषारी वायूपासून बचावासाठीं जो मुखवटा योजिला, त्याचा आधारही हाच गुण होता.

परंतु सुटी पूड पाण्याबरोबर वाहून जाते. आणि दाणे भरले तर पाणी त्यांतून सोपी वाट काढून पुष्कळसा कोळसा अस्पर्शित ठेवतें. म्हणून ती पूड पॉलिथिनच्या पुडींत मिसळून साच्यांत तापवितात. पॉलिथिनचे कण केवळ मऊ होऊन कोळशाचे कण ठिकठिकाणीं धरून ठेवतात, व सच्छिद्र नळकांडें तयार होतें. कौशल्य येथेंच आहे. बंधक थोडें पडलें तर नळकांड्याचा भुगा होतो. अधिक पडलें तर तेंच छिद्रांचीं तोंडें बुजवितें. ज्या धातु-सेंद्रिय चौकटींबद्दल २०२५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक कितागावा, रॉबसन व याघी यांस मिळालें, त्यांची पूड पडद्यांत बसवितांनाही हीच अडचण पुढें येते.

आतां व्यवहाराची गोष्ट. छिद्रें भरलीं कीं कोळशाचा गुण संपला. पाणी मात्र पूर्ववत् स्वच्छ दिसतें, आणि फसगत होते ती येथेंच. शिवाय कोळसा जंतु मारीत नाहीं व खारेपणाही काढीत नाहीं. उलट पाण्यांतील क्लोरिन त्यानें नाहींसा झाल्यावर नळकांड्यांतच जंतु वाढूं शकतात. ज्या घरांत लहान मुलें व वृद्ध एकाच नळाचें पाणी पितात, तेथें नळकांडें मुदतींत बदलणें आणि शंका येतांच पाणी उकळणें, हें कर्त्या मंडळींचें कर्तव्य होय. निवळीचें नांव घेऊन पाणी निवळत नाहीं. तसें नुसतें यंत्र टांगून तें शुद्धही होत नाहीं.