चोवीस नावांची वही

परवा रविवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई वही घेऊन आली. "काकू, विमा सखीचा फॉर्म भरू का?" दहावी झालेली, दोन मुलं शाळेत, नवऱ्याची नोकरी अंधेरीला. आमच्या मनवेलपाड्यात विरार लोकल न पकडता बाईला मिळणारी कामं कोणती? शिकवण्या, पोळीभाजीचे डबे, फॉल-पिको, नाहीतर इमिटेशनचे दागिने ओवणं. त्यात कुणी महिना सात हजार म्हटलं, की डोळे चमकणारच!

९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला पंतप्रधानांच्या हस्ते एलआयसीची ही योजना सुरू झाली. वय १८ ते ७०, शिक्षण किमान दहावी. पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ५ हजार मानधन, शिवाय कमिशन वेगळं. तीन वर्षांचं मानधन मिळून २ लाख १६ हजार होतात. विम्याच्या धंद्यात माणसं टिकत नाहीत, ही कंपन्यांची जुनी तक्रार. आता त्यांना बायका हव्यात, हे चांगलंच आहे. पण मी तिला म्हटलं, "अटी वाचल्यास का?" तिनं मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

अट अशी, की पहिल्या वर्षात २४ पॉलिसी आणि ४८ हजारांचं कमिशन व्हायला हवं. म्हणजे महिन्याला दोन पॉलिसी आणि दर पॉलिसीमागे सरासरी दोन हजार कमिशन. दुसऱ्या वर्षाचं मानधन हवं, तर आधीच्या वर्षी विकलेल्यांपैकी किमान ६५ टक्के पॉलिसी चालू राहिल्या पाहिजेत. चोवीसपैकी नऊ जणींनी हप्ता थांबवला, की उरतात पंधरा, आणि पंधरा म्हणजे साडेबासष्ट टक्के. मानधन गेलं!

हे मी तिला एवढं रंगवून का सांगितलं, त्यालाही कारण आहे. २००८च्या सुमाराला आमच्याच चाळीतली एक मैत्रीण एका कंपनीची एजंट झाली. तेव्हा बाजारात युलिपचा बोलबाला होता. "तीन वर्षं भर, मग बघ," असं तिला शिकवलं होतं, तेच ती आम्हाला सांगायची. मीही एक पॉलिसी घेतली. खरं सांगते, विमा म्हणून नाही, तिच्या तोंडाकडे बघून घेतली. तिच्या भावजयीनं घेतली, भिशीतल्या चौघींनी घेतली. पुढे बाजार पडला, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी लग्न निघालं, हप्ते थांबले. भिशीतल्या दोघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिनं काम सोडलं, पुढे विरारही सोडलं. कंपनीच्या दृष्टीनं एक एजंट कमी झाली, एवढंच.

अशा एजंट थोड्याथोडक्या नव्हत्या. २०१०मध्ये देशात आयुर्विम्याचे सुमारे ३० लाख एजंट होते. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून युलिपच्या खर्चावर नियामकानं मर्यादा घातली, कमिशन आटलं आणि २०१३पर्यंत ही संख्या २१ लाखांच्या घरात आली. माणसं येत नाहीत, हे मुळी खरंच नाही. झुंडीनं येतात, ओळखीपाळखीचे लोक संपले की जातात.

याचं मूळ पैसे कसे वाटले जातात, यात आहे. वर्षानुवर्षं पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळे आणि पुढे ५ टक्क्यांच्या आसपास. १२ हजारांच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी ४,२००, नंतर जेमतेम ६००. मग बाई नवं गिऱ्हाईक शोधेल की जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी आठवण करायला जाईल? आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाची स्थिती काय? एक वर्ष भरून सोडलं, तर हाती भोपळा!

१ ऑक्टोबर २०२४पासून हे थोडं बदललं. आता पूर्ण वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडली, तरी काही रक्कम परत मिळते. त्याबरोबर एलआयसीनं पहिल्या वर्षाचं कमिशन २८ टक्क्यांवर आणलं आणि नूतनीकरणाचं साडेसातवर नेलं. एजंटांनी निदर्शनं केली. त्यांचा राग मला समजतो, पहिल्या वर्षाच्या पैशावर त्यांची चूल चालते. तरीही दिशा बरोबर आहे, असंच मला वाटतं. बारा हजारांवर दरवर्षी ९०० मिळणार असतील, तर जुनं गिऱ्हाईक सांभाळण्यात निदान काही अर्थ राहतो. मला खटकतं ते वेगळंच. कमी मिळण्याची झळ एजंटला लागली, कंपनीचं काय?

एलआयसीचा निव्वळ नफा २०२४-२५मध्ये ४८ हजार कोटींच्या वर गेला, आदल्या वर्षी तो ४० हजार कोटींच्या वर होता. याच काळात व्यक्तिगत पॉलिसींची संख्या मात्र दोन कोटींच्या वरून पावणेदोन कोटींच्या आसपास आली. एण्डोमेंटची किमान विमा रक्कमही एक लाखाची दोन लाख झाली. मोठ्या रकमेची पॉलिसी कंपनीला परवडते, त्यात चूक काही नाही. पण मनवेलपाड्यात घराचा हप्ता, शाळेची फी आणि दिवाळीची उसनवारी यांतून जे उरतं, त्यात छोटीच पॉलिसी बसते. छोटं गिऱ्हाईक नकोसं, पण छोट्या गिऱ्हाइकांत फिरणारी सखी हवी, हे गणित मला सुटत नाही.

खरं तर पंतप्रधान जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण बँकेतून किंवा पोस्टातून मिळतं, वय १८ ते ५० असलं की झालं. ज्या घरात एकच कमावता आहे, तिथे हे आधी हवं. पण दारोदार फिरणाऱ्या बाईच्या हाती त्यातून फारसं काही पडत नाही, मग ती त्याचं नाव कशाला काढेल?

मी सूनबाईला म्हटलं, फॉर्म भर. परीक्षा दे, ते शिक्षण कुठे वाया जात नाही. पण प्रशिक्षणाच्या वेळी साहेबांना विचार: बंद पडलेल्या पॉलिसीचा भुर्दंड कुणावर? क्लेमच्या कागदांसाठी मी धावपळ केली, तर त्याचे काही मिळतात का? आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांग, कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. "असं सांगितलं तर घेतील का कोणी?" ती हसली.

मग तिनं वही उघडली. पहिल्या पानावर चोवीस नावं, सुवाच्य अक्षरात, फोन नंबरांसकट. माहेरचे सात, सासरचे पाच, बाकी आमच्या तीन इमारतींमधले. माझं नाव तेराव्या क्रमांकावर. पेन्सिल घेऊन आम्ही दोघी बसलो. ज्यांना पुढच्या वर्षीचा हप्ता जड जाईल, अशांच्या नावापुढे ती फुली मारत गेली. चहा होईपर्यंत अकरा फुल्या झाल्या होत्या. बाराव्या नावावर ती थांबली. ते तिच्या आईचं होतं.