शेड्यूल, स्केजूल आणि पानी

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं होतं का हो? परवा जेवताना मी लेकीला सहज विचारलं, "परीक्षेचं शेड्यूल आलं का गं?" तर ती फिस्सकन हसली. "आई, शेड्यूल काय! स्केजूल म्हणतात." आमचे हेसुद्धा ताटाकडे बघत गालातल्या गालात हसले. मी आमटी गरम करायच्या निमित्ताने उठले.

गोष्ट एवढीशी, पण मनातून जाईना. त्याच आठवड्यात शाळेत पालकसभा होती. गणिताचा एक धडा वर्गात पुरा न शिकवताच त्यावर चाचणी घेतली होती. ते मला विचारायचं होतं. घरून वाक्य घोकून गेले होते. पण बाई इंग्रजीतून बोलायला लागल्या, पुढच्या रांगेतल्या एकदोघी फाडफाड बोलल्या आणि माझ्या घशाला कोरड पडली. 'सिलॅबस' म्हणायचं की 'सिलेबस', यातच अडकले. सभा संपली. गणिताचं विचारायला गेलेली आई प्रगतिपुस्तकावर सही करून परत आली.

रात्री सगळी झोपल्यावर मोबाइलवर शब्दकोश उघडला. शब्दापुढे कर्ण्याची दोन चित्रं असतात, एक ब्रिटिश, एक अमेरिकी. पहिलं दाबलं, तर आतली बाई चक्क 'शेड्यूल' म्हणाली! दुसरं दाबलं, 'स्केजूल'. मग मला नादच लागला. व्हिटॅमिनला साहेब म्हणतो 'व्हिटमिन', अमेरिकन म्हणतो 'व्हायटमिन'. एकाची 'प्रिव्हसी', दुसऱ्याची 'प्रायव्हसी'. शेवटचं अक्षर एकाचं 'झेड', तर दुसऱ्याचं 'झी'. म्हणजे माझं शेड्यूल पाचवीपासून शिकलेल्या साहेबी इंग्रजीचं आणि लेकीचं स्केजूल यूट्यूबवरच्या अमेरिकेचं. चूक दोघींचीही नव्हती.

बरं, साहेबाच्या देशात तरी सगळे एकसारखे बोलतात का? लिव्हरपूलचं बोलणं वेगळं, लंडनचं वेगळं, स्कॉटलंडची तर तऱ्हाच निराळी. 1941 साली, ऐन महायुद्धात, बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाला रेडिओवर बातम्या वाचायला बसवलं. तो त्याच्या बोलीत 'गुड नाइट'ला 'गुड नीट' म्हणायचा. झालं! असल्या बोलीतल्या बातम्यांवर विश्वास कसा ठेवायचा, म्हणून ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. बातम्या इंग्रजीत, वाचणारा इंग्रज, ऐकणारेही इंग्रज!

मग आपली काय कथा? इंग्रजीत ओठ दातांना लावून म्हणायचा 'व' वेगळा आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा वेगळा. आपल्या जिभेला 'व' एकच ठाऊक. म्हणून आपण कधी 'व्ह' लिहून वेळ भागवतो, तर कधी जिथे नको तिथेही तो घालतो. साहेबाचा 'वाइट' आपल्याकडे 'व्हाइट' होतो तो असा. हिंदीवाले 'कालेज' म्हणतात म्हणून आपण हसतो, ते आपल्याला कशावरून तरी हसत असतीलच.

उच्चार शिकूच नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. अर्थाचा घोटाळा होत असेल तर जरूर शिकावं. "मुलगा यंदा पासआउट झाला" असं आपण कौतुकाने सांगतो. परदेशातला माणूस हे ऐकून तो बेशुद्ध पडला असं समजेल! हे माहीत असायलाच हवं. पण त्या दिवशी शेड्यूल म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं होतं. मग हसायचं कशाला?

हे सगळं लेकीला ऐकवायचं ठरवलं. मनातल्या मनात तयारीही केली. आणि तेव्हाच धाकट्या जावेची आठवण झाली.

ती वऱ्हाडातली. लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात घरात पाहुणे होते. तिने हौसेने विचारलं, "पानी आनू का?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, पाणी म्हण, पाणी! आणू म्हण!" पाहुणे हसले, मीही हसले. आपण तिला वळण लावतोय, असंच मला वाटलं होतं. नंतर कित्येक दिवस ती पाहुण्यांपुढे आलीच नाही. ट्रे दारातून माझ्याच हातात द्यायची. नव्या नवरीचा लाजरा स्वभाव, असं मी सासूबाईंना म्हटल्याचंही आठवतंय.

लेकीशी मी अजून काही बोललेले नाही. पुढच्या पालकसभेत मात्र मराठीतून विचारणार आहे, बाईंनी उत्तर हवं त्या भाषेत द्यावं. आणि गणपतीला जाऊ येतेय. तिला काय म्हणायचं, ते वाक्य सध्या घोकतेय.