नोराचं बरोबर की चूक?

बारावीचे निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आई-मुलींच्या जोड्या दिसू लागतात. बी.ए.ला इंग्रजी घ्यायचं म्हटलं, की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मॅडम, हिला फाडफाड इंग्रजी बोलता येईल ना?’ प्रश्नात काही गैर नाही. नोकरी असो, लग्नाचं स्थळ असो, त्या फाडफाड इंग्रजीला भाव आहेच. पण मैत्रिणींनो, इंग्रजी साहित्य म्हणजे बोलण्याचा क्लास नव्हे. तिथं कथा, कविता, नाटकं वाचायची असतात आणि वाचलेल्यावर वर्गात बोलायचं असतं.

हे बोलायचं तेवढं आपल्याकडे राहूनच जातं. सर येतात, नोट्स सांगतात, मुली माना खाली घालून उतरवून घेतात. परीक्षेच्या आधी गाईड येतं. हल्ली तर मोबाईलला विचारलं की उत्तर तयार! दहा मार्कांचं उत्तर पाठ आणि मूळ पुस्तक कोरं करकरीत. मुलगी फर्स्ट क्लासात पास होते, पण ‘तुला काय वाटलं?’ असं विचारलं की गप्प. तीन वर्षांत तिला ते कुणी विचारलेलंच नसतं. पुढे एम.ए.च्या तोंडी परीक्षेत नाहीतर नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न येतो आणि मग गाडी अडते.

माझ्या वर्गात इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ शिकवायला घेते तेव्हाची गंमत सांगते. नाटक मूळ नॉर्वेजियन, १८७९ सालचं. आपण ते इंग्रजीतून शिकतो. अनंत काणेकरांनी त्यावरून मराठीत ‘घरकुल’ लिहिलं. नोरा नावाची बाई नवऱ्याच्या आजारपणासाठी गुपचूप कर्ज काढते. बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही, असा तो काळ. म्हणून ती कागदावर वडिलांची खोटी सही करते. पुढे ते उघडकीला येतं आणि नवरा तिच्यावरच उलटतो. संकट टळल्यावर ‘केलं तुला माफ’ म्हणायलाही तयार होतो. पण शेवटी नोरा नवरा आणि तीन मुलं मागे ठेवून घराबाहेर पडते.

वर्गात मी एवढंच विचारलं, ‘नोराचं बरोबर की चूक?’ पाच मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मुलांना सोडून जाते ती कसली आई?’ झालं, वर्ग पेटला. एक म्हणाली, तिची सही चालत नव्हती ते आधी बघा. दुसरी म्हणाली, सही खोटी ती खोटीच. तेव्हा एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं पुस्तकातलं पान काढून दाखवलं. सहीखालची तारीख वडील वारल्यानंतर तीन दिवसांची आहे! म्हणजे नोराला कायद्याचं काही कळत नव्हतं, नाहीतर तिनं अशी तारीख घातली असती का? यावर पहिलीनं विचारलं, ‘मग तिला कायदा शिकवला कुणी नाही, ही चूक कुणाची?’ हे कुठल्याही गाईडात नव्हतं.

मागच्या बाकावरच्या मुलीचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. बदलावं असंही नाही. तिच्यासारखंच वाटलेली एक जर्मन नटी होती. मी माझ्या मुलांना असं सोडून जाणार नाही, म्हणून तो शेवट करायला ती तयार होईना, तेव्हा खुद्द इब्सेनला मनाविरुद्ध जर्मनीपुरता वेगळा शेवट लिहून द्यावा लागला होता. हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता! आपलं म्हणणं काही अगदीच अडाणी नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तिच्या शेजारणीला मात्र ते अजूनही पटत नाही, आणि दोघी एकाच डब्यातून जेवतात.

ही चर्चा मराठीत झाली, हेही सांगून टाकते. माझ्या काही सहकाऱ्यांना ते खपत नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी? पण व्याकरण चुकेल या भीतीनं मुलगी गप्प बसते. आधी विचार तर बाहेर येऊ दे! मराठीत भांडून झालं, की तेच दोन वाक्यांत इंग्रजीत सांगायचं, हा माझा नियम. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा ही मोडकी दोन वाक्यं मला जास्त मोलाची वाटतात. आणि बोलणं सुधारतं ते असं, काहीतरी सांगायचं असतं म्हणून.

म्हणून प्रवेश घेताना फी आणि बसच्या वेळा विचारता तसं हेही विचारा, की वर्गात मुलींना बोलू देतात का? मूळ पुस्तक वाचून घेतात का? आणि मुलगी घरी आली की मार्कांबरोबर गोष्टही विचारा.

आमच्या एका विद्यार्थिनीनं घरी आजीला नोराची सगळी कथा सांगितली. आजी शाळेची पायरी न चढलेली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘गेली ते ठीक, पण जाऊन खाल्लं काय तिनं?’ चिनी लेखक लू शुन यांनी १९२३ साली बीजिंगमधल्या विद्यार्थिनींसमोर भाषण केलं होतं, ते नेमकं याच प्रश्नावर. नोरा गेली, पुढे काय? पुढचा तास आम्ही आजींच्या प्रश्नापासूनच सुरू केला. घंटा झाली तरी कुणी उठेना.