शेरा लिहा, टोमणा नको



हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की ऑफिसात कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल भरायला घेतात. वर्षभराचं काम चार ओळींत लिहायचं, आणि त्याच चार ओळींवर माणसाची बढती अडते किंवा सुटते. पण काही साहेब मंडळींची लेखणी नेमकी तिथंच रंगात येते. समजा, एखाद्या शेतकी मदतनिसाच्या अहवालात शेरा पडला, "हे गृहस्थ जुन्या खोडव्यासारखे. खत घाला, पाणी द्या, उतारा काही वाढत नाही." वाचून हसू येणारच. पण हसून झाल्यावर आम्ही विचारतो, त्या गड्याचं चुकलं काय?

कदाचित त्यानं लागवडीची तारीख चुकीची नोंदवली असेल. तसं असेल तर ही थट्टेची बाब नव्हे. तोडणीचा कार्यक्रम त्या नोंदीवरच लागतो. पाळी हुकली की उसाला तुरा येतो, कांडं पोकळ पडतं, वजन घटतं. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर वर्षभर जपलेला ऊस फडात वाळतो. नुकसान आमचं होतं. आणि शेऱ्यात ना गट नंबर, ना तारीख, ना चूक! साहेबांची करमणूक झाली, गडी दुखावला, चूक मात्र जागच्या जागी राहिली.

गोडगोड शेराही तितकाच वाईट. दरसाल सगळ्यांपुढे 'समाधानकारक' लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे राबणारा आणि खुर्ची उबवणारा एकाच काट्यावर तोलायचा.

साधा वाटणारा शब्दही कसा नडतो पाहा. सीमेवरील रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेत देव दत्त नावाचे कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी पाच वर्षे 'अतिशय चांगला' शेरा हवा होता. १९९३-९४ साली एकदाच नुसता 'चांगला' पडला, तोही त्यांना कळवला नाही, आणि बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शेरा बरा असो की वाईट, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. तोवर ते निवृत्तही झाले होते. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सुखदेव सिंग प्रकरणात हेच मत कायम केलं. हे निकाल सरकारी नोकरीतले. आपला कारखाना सहकारी, पण न्यायाची रीत काही वेगळी नसते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. कडक लिहा, जरूर लिहा. पण काय चुकलं, कुठं, कोणत्या तारखेला, हे लिहा. शेरा त्या माणसाला दाखवा, त्याचं उत्तर शेजारी नोंदवा, सुधारायला मुदत द्या. तरीही सुधारला नाही तर नियमानं कारवाई करा. आम्ही आड येणार नाही.

आणि बोट दुसऱ्याकडं करताना आपणही जरा आत पाहावं. वार्षिक सभेत चिटबॉयची, काटा कारकुनाची टर उडवून टाळ्या घेणारे आपल्यातच आहेत. तक्रार असेल तर पावती घेऊन उठावं, नुसती जीभ टाळ्याला लावू नये. आपण कारखान्याचे मालक म्हणवतो. मालकानं कामाचा हिशेब मागावा, पण माणसाची अब्रू काट्यावर टाकू नये.