चिठ्ठी बांधलेले रेडिओ

अब्बांच्या इंतकालाला दोन वर्षे झाली, तरी त्यांची लोखंडी अलमारी कोणी उघडली नव्हती. या उन्हाळ्यात भाईजाननी मागची खोली पाडून नवी बांधायला काढली, तेव्हा नाइलाज झाला. शाळेला सुट्टी लागताच मी माहेरी, धामणगाव रेल्वेला गेले. अलमारीतून एकेक करून नऊ रेडिओ निघाले. अंगणात चादर टाकून ते मांडले, तर मोहल्ल्यातली पोरे जत्रेसारखी भोवती जमली.

अब्बा जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत फिटर होते. रेडिओ दुरुस्ती त्यांनी स्वतःच, खोलून-जोडून शिकून घेतली. संध्याकाळी ओट्यावर बल्ब लावून बसत. डाग द्यायच्या कावियाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. दुकान नव्हते, पाटी नव्हती, पण तळेगाव, मंगरूळ, पुलगावपर्यंतची माणसे सेट घेऊन येत.

आता या नऊ रेडिओंचे करायचे काय? भाईजान म्हणाले, एक ठेवू, बाकी देऊन टाकू. धाकटी बहीण फोनवर रडायला लागली, म्हणे एकही देऊ नका. तिच्या फ्लॅटमध्ये मात्र एकाचीही जागा नाही, हे तिनेच पुढे सांगितले! भंगारवाला आला, त्याने हाताने वजन तोलले आणि सगळ्यांचे मिळून पंधराशे सांगितले. त्याला फक्त ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यात रस होता. भाईजानचा मुलगा आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार. त्याने मोठ्या लाकडी मर्फीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि तासाभरात नागपूरच्या एका माणसाने त्या एकट्याचे सहा हजार सांगितले.

सौदा जवळपास ठरलाच होता. मी धूळ पुसायला म्हणून मर्फी फिरवला, तर मागे दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. भाच्याने विचारले, "फुफी, ये तावीज है क्या?"

तावीज नव्हते. अब्बांच्या बारीक उर्दू अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती. एक नाव, गाव तळेगाव, तारीख जून १९८३ ची. खाली लिहिले होते, आवाज येतो-जातो, ट्यूब बदलली, मजुरी सात रुपये बाकी.

म्हणजे तो रेडिओ आमचा नव्हताच.

मी बाकीचे सगळे फिरवून पाहिले. नऊपैकी चार सेटना अशा चिठ्ठ्या होत्या. भाऊ-भावजय उर्दू बोलतात, पण वाचत नाहीत. मुले इंग्रजी शाळेत. त्या दिवशी मी तिथे नसते, तर चारही अमानती विकल्या गेल्या असत्या आणि विकणाऱ्यांना कळलेही नसते. शाळेत पालक मला विचारतात, मॅडम, उर्दूचा पुढे उपयोग काय? यापुढे मी त्यांना ही चिठ्ठी दाखवणार आहे.

अम्मी खाटेवर बसून सारे ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पहले पराया माल घर से निकालो, फिर अपने की बात करो."

खरे तर क्रम हाच आहे आणि तो आपल्या सर्वांना ठाऊक असतो. मय्यतीचा खर्च, मग कर्ज आणि लोकांचे देणे, मग तिसऱ्या हिश्श्याच्या आत काही वसीयत असेल तर ती, आणि त्यानंतर जे उरेल तो वारसांचा तरका. घर, शेत, दागिने यांच्या बाबतीत आपण हे पाळतो किंवा निदान त्यावर बोलतो. घड्याळ, शिलाई मशीन, रेडिओ, भांडी यांच्या बाबतीत ज्याच्या हाताशी वस्तू, तो मालक. अब्बांचे रेडिओ भाईजानच्या घरात होते म्हणून ते भाईजानचे, असे आम्ही दोघी बहिणीही धरून चाललो होतो. त्यात अम्मींचा आठवा हिस्सा आहे आणि आमचाही आहे, हे कोणाच्या मनातही आले नव्हते. पाच रेडिओंचे हिस्से करवतीने पाडायचे नसतात, हे कबूल. पण विकायचे किंवा ठेवायचे, हे सगळ्यांना विचारून ठरायला हवे होते. भाच्याच्या मोबाइलवर ते ठरायला नको होते.

मर्फीचा पत्ता लागला तो त्याच्याच पोटातून. मागचा पुठ्ठा काढला, तर आत रेडिओ लायसन्सचे पुस्तक. तरुण वाचकांना नवल वाटेल, पण एके काळी घरात रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची. मोठ्या सेटला पंधरा रुपये होते आणि भरल्याची नोंद त्या पुस्तकात होई. १९८० च्या दशकात हा प्रकार बंद झाला. पुस्तकावर देवनागरीत पूर्ण नाव आणि गाव होते, तळेगाव दशासर.

तळेगाव आमच्या तालुक्यातलेच, शंकरपटासाठी नावाजलेले. भाईजाननी गाडी काढली, मर्फी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. दोन ठिकाणी विचारले आणि घर सापडले. लायसन्सवरचे गृहस्थ केव्हाच वारले होते. त्यांचा मुलगा आता सत्तरीच्या पुढचा. चादर सोडताच ते उठून उभे राहिले.

"हा तर आमच्या बाबाचा रेडिओ. मले वाटलं, इकला बाबानं."

मग त्यांनी सांगितले ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. त्या काळी कापूस एकाधिकार योजनेत जायचा. १९७२ साली सुरू झालेल्या या योजनेत शेतकऱ्याला पैसे एकदम मिळत नसत, चुकारे हप्त्याहप्त्याने येत. वडील म्हणत, चुकारा आला की रेडिओ आणू. चुकारा आला की आधी बियाणे, मग सावकार, मग बहिणीचे लग्न. सात रुपये काही रेडिओपर्यंत पोचले नाहीत. नंतर त्यांना यायची लाज वाटू लागली असावी. आणि अब्बांनी वाट पाहिली, चाळीस वर्षे. सेट कोणाला दिला नाही, त्यातली ट्यूब काढून दुसऱ्याला लावली नाही. घरात पैशाची ओढ होती तेव्हाही नाही. त्या दिवसांत आम्हा बहिणींना ईदचे कपडे एका आड एक वर्षी मिळत.

काकांनी आत जाऊन सात रुपये आणले. भाईजान नको नको म्हणू लागले. मी हात पुढे केला आणि घेतले. घेतले नसते, तर त्यांनी रेडिओ घेतला नसता. ते सात रुपये आम्ही अम्मींच्या हातात दिले. भाचा मात्र दोन दिवस गप्प होता. त्याचे सहा हजार गेले होते.

निघताना काकांना एक गोष्ट बजावून सांगितली, ती वाचकांनाही सांगते. वर्षानुवर्षे बंद असलेला ट्यूबचा रेडिओ घरच्या घरी प्लगमध्ये घालू नका. आतले जुने कंडेन्सर सुकलेले असतात, ते फुटतात किंवा ट्रान्सफॉर्मर जाळतात. काही सेटची तर लोखंडी बैठकच विजेला जोडलेली असते, हात लागला की झटका. जाणकार मेकॅनिक आधी कंडेन्सर तपासतो आणि सेट सिरीजच्या बल्बवर हळूहळू चालू करतो. ट्रान्झिस्टर असेल, तर आधी आतले सेल काढा. गळलेल्या सेलने जितके रेडिओ मेले, तितके वयाने मेले नसतील.

आता आमचे पाच. दोन अगदीच गेलेले होते. ते बडनेऱ्याच्या एका जुन्या मेकॅनिकला दिले, सुट्या भागांसाठी. अब्बांनीही तेच केले असते. मामूंनी सौदीहून आणलेला टू-इन-वन बहिणीला. बुश ट्रान्झिस्टर भाईजानना हवा होता, कारण १५ मार्च १९७५ ला हॉकी वर्ल्ड कपची क्वालालंपूरची फायनल त्याच्यावर ऐकली गेली होती. अब्बांनी तो ओट्यावर ठेवला आणि अर्धा मोहल्ला जसदेव सिंगांच्या आवाजाभोवती बसला. सेमीफायनलमध्ये असलम शेर खानने बरोबरी साधली नसती, तर फायनलच नव्हती, हे अब्बा नेहमी सांगत. पाकिस्तानला २-१ ने हरवल्यावर मोहल्ल्यात गूळ वाटला होता.

उरला फिलिप्सचा ट्यूबवाला सेट, हिरव्या डोळ्याचा. स्टेशन नीट लागले की डोळा मिटत येतो, तसा. तो माझ्याकडे आला. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागे, तेव्हा दादी नमाजच्या चौकीवर असत आणि अब्बा आवाज इतका लहान करत, की अम्मींना कान जाळीला लावावा लागे. (अमीन सायानींच्या अम्मी कुलसुम सायानी ‘रहबर’ हे पाक्षिक काढत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. हे मी वर्गात आवर्जून सांगते.) पुढे अब्बांचा काटा शॉर्टवेव्हवर बीबीसी उर्दूच्या ‘सैरबीन’पाशी थांबलेला असे. २०१९ च्या अखेरीस तो कार्यक्रम रेडिओवरून गेला. तरी अब्बांनी काटा हलवला नव्हता. मेकॅनिकने सेट बोलता करून दिला, तेव्हा शॉर्टवेव्हवर नुसती खरखर होती. मिडीयम वेव्हवर ५८५ ला नागपूर मात्र स्वच्छ लागले आणि हिरवा डोळा मिटत आला.

अम्मींनी काय मागितले? काही नाही. "मुझे समझता कहाँ है अब," म्हणाल्या. त्यांना कमी ऐकू येते.

तीन परके सेट अजून आहेत. एकावर नाव आणि ‘पुलगाव डेपो’ लिहिले आहे. क्वार्टरमधली माणसे बदलून जातात, तरी भाईजान दोनदा चौकशी करून आले. एकाची चिठ्ठी कसर लागून गेली, नुसता दोरा उरला आहे. तिसऱ्यावर फक्त ‘स्टेशनवाले बाबू’. इमाम साहेबांना विचारले. ते म्हणाले, शोध घ्या, वारसांचाही घ्या, आणि सगळे मार्ग संपले तर मालकाच्या नावाने किंमत सदका करा. पण नंतर कोणी आलाच, तर त्याला त्याचे देण्याची तयारी ठेवा.

नव्या खोलीत त्या तिघांसाठी भाईजाननी एक फळी ठोकली आहे. ‘स्टेशनवाले बाबू’च्या चिठ्ठीवर अब्बांच्या उर्दू ओळींखाली जागा होती. तिथे मी मराठीत माझे नाव आणि मोबाइल नंबर लिहिला.