टोपीवरून उतरलेला स्तंभ

१६६४ साली शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर असता जव्हारच्या विक्रमशहाने त्यांच्या शिरस्त्राणात मानाचा तुरा खोवला आणि त्यावरून त्या माळाला शिरपामाळ नाव पडले, अशी आमच्याकडची आख्यायिका आहे. वांगणीसारख्या आडगावात राहणाऱ्या माणसाला लष्करी चिन्हांच्या वादात पडण्याचा अधिकार काय, असे विचारणाऱ्यांना मी हा माळ दाखवतो. डोक्यावरचे चिन्ह ही शोभेची वस्तू नव्हे. कोणी काय केले याची ती पावती असते.

अशी एक पावती महार रेजिमेंटच्या टोपीवर होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला ही पलटण उभी राहिली, तेव्हा तिने भीमा-कोरेगावचा स्तंभ बिल्ल्यावर घेतला. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि स्तंभाच्या जोडीला दोन तिरप्या विकर्स तोफा आल्या. पुढे स्तंभ गेला, त्याच्या जागी खंजीर आला. तोफा मात्र राहिल्या.

याचे समर्थन करणारे विद्वान मला भेटतात. त्यांचे म्हणणे असे, की स्तंभ इंग्रजांनी उभारला, इंग्रजांच्या जयासाठी उभारला. स्वतंत्र देशाच्या शिपायाने तो का मिरवावा? ठीक. मग विकर्स कोणत्या गावची? ती तर इंग्रजी कंपनीची तोफ! आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातला बिगुल? हलक्या पायदळाची ती खूण युरोपातल्या लष्करांतून आली. ती कोणी काढा म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. त्या बिगुलाखाली आमची माणसे लढली, मेली, म्हणून तो आमचा झाला. पण हा न्याय बिगुलाला लागतो आणि स्तंभाला लागत नाही, तो का?

नौदलाचे उदाहरण माझ्या तोंडावर फेकण्यात येते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवे निशाण फडकले, सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. फार चांगले झाले. त्या क्रुसावर आपल्या एकाही खलाशाचे नाव नव्हते. स्तंभावर मात्र १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून पडलेल्यांची ४९ नावे आहेत, आणि त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची. उरलेल्यांत इतर जातिधर्मांचे लोक आहेत. तेव्हा ‘आता पलटणीत सगळ्या जातींचे जवान आहेत’ हा आक्षेपही लंगडा पडतो.

खरा आक्षेप एकच, आणि तो मी टाळणार नाही: ही लढाई पेशव्यांविरुद्ध, म्हणजे आपल्याच माणसांविरुद्ध झाली. देशी सत्तांविरुद्धच्या लढायांचे मान आपले लष्कर आज मिरवीत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला गावात सावलीसुद्धा पडू देण्याची मुभा नव्हती, त्याला ‘आपली माणसे’ कोणती ते शिकवणारे आपण कोण? शिवाय इंग्रजांनी तरी त्याला काय दिले? १८९२ च्या सुमारास ‘लढवय्या जाती’चे शास्त्र काढून त्यांनी महारांना लष्कराची दारे बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. १९१७ साली युद्धाची गरज पडली म्हणून १११ वी महार पलटण काढली, आणि १९२१ साली मोडून टाकली! ‘तुम्ही लढवय्ये नाहीत’ असे सरकारच सांगू लागल्यावर, सरकारनेच दगडात कोरलेला पुरावा म्हणून तो स्तंभ उभा होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले ते कंपनी सरकारची आरती ओवाळायला नव्हे. १९४१ साली तो स्तंभ टोपीवर आला तेव्हा इंग्रजांचाच खोटेपणा इंग्रजांच्या लष्करात उघडा पडला. हा अर्थ ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो स्तंभ इंग्रजी वाटणारच.

खंजिराविरुद्ध माझे काही भांडण नाही. पण तो कोणाचाही असू शकतो. आमच्याकडे वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, आत पालघट देवी असते. तिला काढून तिथे सुबकसे फूल काढा म्हणून कोणी सांगितले, तर लग्नच थांबेल.

रेजिमेंटचे नाव महार राहू दिले, ते बरे केले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी १९८७ साली श्रीलंकेत परमवीरचक्र मिळवले ते याच रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीतून, आणि ते महाराष्ट्रातले महार नव्हते. नाव मात्र अभिमानाने लावीत. मग नाव चालते आणि त्या नावाचा दाखला चालत नाही, हे कसे? स्तंभ परत बिल्ल्यावर घ्यावा. खंजीर ठेवायचाच असेल तर बाजूला ठेवा. विकर्स आता लष्करात नाही, तिची जागा रिकामी आहे.